बिनखळीचा पिठोबा

संध्याकाळी गिरणी बंद करून पिठोबा घरी यायला निघाला की नवख्या माणसाला वाटावं, कुणीतरी खडूचा पुतळा घाईघाईने पळवून नेतंय. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांच्या पाळ्यांवर पिठाची साय. त्याने रुमाल झटकला की मागून येणारा शिंकायचा. त्याचं खरं नाव त्याच्या आईला आणि सरकारला ठाऊक होतं. आई गेली, आणि सरकारला त्याला हाक मारायची वेळ कधी आली नाही, म्हणून गल्लीने ठेवलेलं नावच टिकलं.

वय पन्नाशीच्या आसपास. अलीकडे की पलीकडे असं कुणी विचारलं तर म्हणायचा, पिठात कळत नाही. लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं याबद्दल गल्लीत पुष्कळ मतं आहेत आणि ती सगळी माझ्याकडे जमा आहेत, पण एवढंच सांगतो की कुणाकडे बोलणी करायला जायचं असलं की हा माणूस गिरणीतून थेट जायचा. ज्या सोफ्यावर बसायचा त्या सोफ्यावर उठून गेल्यावरही त्याची आकृती बसलेली असायची. मुलीकडचे त्या आकृतीकडे बघत बघत नकार कळवायचे.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण अक्का. अक्काला फार लवकर वैधव्य आलं, ती भावाकडे आली आणि आल्या दिवशीच घराचा कारभार तिने हातात घेतला. स्वतःचे गुडघे सोडले तर ती जगात कुणाला भीत नसे. इमारतीचा मालक तळमजल्यावर राहायचा आणि ही दोघं सगळ्यात वर, गच्चीच्या खाली. अक्काचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा चादरी धुणं तिच्याने होईना, आणि म्हणून एक दिवस पिठोबा चादरींचं गाठोडं घेऊन कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेला. आपली गोष्ट तिथून सुरू होते.

लाँड्री चालवणाऱ्या बाईला सगळे कडकबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तिने इस्त्री केलेली कॉलर दाराच्या फळीसारखी उभी राहायची आणि तिचं बोलणंही तसंच. वडिलांचं दुकान होतं, ते गेल्यावर हिने चालवलं. धाकटा भाऊ शिकून दुसऱ्या शहरात चांगल्या नोकरीला लागला, त्याला शिकवता शिकवता हिचं लग्नाचं राहून गेलं. आता बघा, दोन माणसांचं लग्न राहून गेलंय आणि दोघांच्या दुकानांमध्ये फक्त एक पानवाला आहे, तरी गल्लीतल्या एवढ्या जाणत्या डोक्यांपैकी एकातही हा हिशेब आला नाही. तो जमवला उशीच्या अभ्र्याने.

कडकबाईने गाठोडं सोडलं, अभ्रा उचलला आणि टेबलावर ठेवला. तो उभाच राहिला. तिने बोटाने ढकलून पाहिला, तर पडला, पण वाकला नाही.

"खळ लावायचं काम माझं आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरूनच लावून आणता?"

पिठोबाने खरं ते सांगितलं, की ती खळ म्हणजे तो स्वतः आहे. त्यावर कडकबाई हसली. पानवाला याला साक्षी आहे. त्याने म्हणे हातातलं पान तसंच धरून ठेवलं, कारण इतक्या वर्षांत त्याने हा आवाज त्या दुकानातून ऐकलाच नव्हता. त्या दिवसापासून पिठोबाकडचे कपडे फार लवकर मळायला लागले. गाठोडं एकदम आणायचं सोडून तो एकेक वस्तू आणू लागला. आज टॉवेल, उद्या एक पायमोजा, परवा त्याचा जोडीदार. अक्का म्हणायची, आणखी आठवड्याने हा बटणं सुटी करून नेईल.

आता तुम्ही म्हणाल, माणूस रोज आंघोळ करत नव्हता का. करत होता हो. दोन वेळा करत होता. पण त्याच्या न्हाणीघरातला शॉवर म्हणजे शॉवरचं नुसतं आश्वासन होतं. चावी पूर्ण फिरवली की वरून चार-पाच बारीक धारा निघायच्या, त्यातली एक भिंतीवर, एक साबणाच्या खोबणीत, आणि उरलेल्या याच्या डोक्यावर, त्याही विचार करत करत. पिठावर भरपूर पाणी पडलं तर पीठ वाहून जातं. थोडं पडलं तर काय होतं ते स्वयंपाकघरात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. पिठोबा आंघोळीला कोरडा जायचा आणि मळलेला यायचा. म्हणजे कणीक मळतात तसा मळलेला. कानामागे, मानेच्या वळीत, केसांच्या मुळाशी जे राहायचं ते रात्री उशीवर वाळायचं, आणि अभ्रा उभा.

बादली आणि मग घेऊन का नाही, हाही प्रश्न गल्लीने विचारून झाला होता. अक्का स्वयंपाकघरातल्या नळावर बादली भरून घ्यायची, त्या नळाला रस्त्यावरच्या लाइनचं पाणी होतं, तिची आंघोळ झकास व्हायची. पण पिठोबाचा उजवा खांदा पोती उचलून उचलून असा आखडला होता की हातातला मग कानापर्यंत जायचा आणि तिथून माघारी यायचा. डावा हात चालायचा, पण डाव्या हाताने ओतलेलं पाणी त्याच्या डोक्यावर पडायचं सोडून दाराबाहेर अक्काच्या पायपुसण्यावर पडायचं. डोक्यावरून पाणी घ्यायला त्याला शॉवरच हवा होता.

तर एक दिवस एका पायमोज्याच्या निमित्ताने पिठोबाने कडकबाईला विचारलं. काय विचारलं ते पानवाल्याला नीट ऐकू आलं नाही, त्याची त्याला अजून खंत आहे. उत्तर मात्र पूर्ण ऐकू आलं.

"माझं तुमच्याशी भांडण नाही," ती म्हणाली. "माझं भांडण खळीशी आहे. दिवसभर लोकांच्या चादरी धुते मी. घरी जाऊन पुन्हा पिठाच्या चादरीवर झोपायचं मला जमायचं नाही. एकदा नीट स्वच्छ होऊन या, मग विचारा."

आणि तिने हेही सांगितलं की भाऊ महिनाअखेरीस येतोय. दुकान विकून टाक, आमच्याकडे येऊन राहा, मुलांना आत्या हवीय, असं त्याचं म्हणणं आहे. ती अजून हो म्हणाली नव्हती. नाही म्हणायला कारणही नव्हतं.

इथे पिठोबाने चूक केली. तशी ती बारीकच होती, पण बारीक गोष्टी कुठे जाऊन अडकतात ते पुढे कळेलच. कडकबाईने विचारलं, एवढा शॉवर वाईट आहे तर दुरुस्त का करत नाही. आपण आजवर काहीच केलं नाही हे सांगायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, काय करणार, मालकाचे पाइपच बाद आहेत, सांगून सांगून थकलो. खरं म्हणजे मालकाला त्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मालक दिसला की हा भुवया झटकून नमस्कार करायचा आणि वर निघून जायचा.

पण कडकबाईला अन्याय सहन होत नसे. दुसऱ्या दिवशी मालकाचे शर्ट आले तेव्हा तिने ते दुकानाबाहेरच थांबवले आणि सांगितलं, जागा नाही. कधी होईल? सांगता येत नाही. आता हा मालक म्हणजे पांढऱ्या शर्टाचा भारी शौकीन. सकाळी तो फिरायला निघाला की त्याच्या आधी त्याची कॉलर वळणावर पोचायची. लाँड्री त्याच्यापुरती बंद झाल्यावर त्याने घरीच इस्त्री करून पाहिली, तर पाठीवर तांबूस त्रिकोण उठला. मग तो कोबीच्या पानासारखे शर्ट घालून हिंडू लागला आणि लोकांना विचारू लागला, माझं काही चुकलं का. कुणालाच माहीत नव्हतं. पिठोबाला होतं, पण तो शॉवरच्या मागे लागला होता.

त्याने पहिला इलाज केला तो गिरणीवाल्याचा. जास्त माल पडायला हवा असेल तर चाळण मोठी घ्यायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. बाजारात जाऊन त्याने सगळ्यात रुंद शॉवर आणला, परातीएवढा, भोकंच भोकं. लावला, चावी फिरवली. जे थोडं पाणी येत होतं ते एवढ्या भोकांमध्ये वाटलं गेल्यावर एकेका भोकाच्या वाट्याला थेंबसुद्धा पुरा येईना. पाणी कडेकडेने गळायचं आणि मधे पिठोबा उभा, कोरडा, छत्रीखाली उभ्या राहिलेल्या माणसासारखा. अक्काने दाराबाहेरून विचारलं, आत गेलास की अजून जायचा आहेस.

मग प्लंबर आला. त्याला उद्याराव म्हणतात. तो "उद्या येतो" म्हणायचा आणि खरोखर उद्याच यायचा. फक्त आज कधी यायचा नाही. त्याने चावीकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "काका, याला प्रेशर नाही." हे पिठोबाला माहीत होतं. उद्यारावाने एक जुना पंप आणून बसवला, चालतोय का बघा, चालला तर ठेवून घ्या म्हणाला. बटण दाबल्यावर दोन क्षण अशी काही धार आली की पिठोबाने आनंदाने डोळे मिटले. तेवढ्यात पाइपाने आवंढा गिळला, पंप खोकला, आणि मग असा किंचाळायला लागला की खालच्या मजल्यावरची बाई कुणाचं काय झालं बघायला वर आली. तिला दारात पंचा गुंडाळलेला, निम्मा धुतलेला पिठोबा दिसला. तिच्याकडून ही हकिकत मला त्याच संध्याकाळी मिळाली, आणि निम्मा म्हणजे कुठला निम्मा हेही तिने नीट समजावून सांगितलं.

उद्याराव म्हणाला, पंपाला ओढायला पाणीच मिळत नाही, तुमची टाकी रिकामी असणार. दोघं गच्चीवर गेले. टाकी काठोकाठ भरलेली. तेव्हा उद्यारावाने डोकं खाजवलं, पंप काढून पिशवीत घातला आणि उद्या येतो म्हणून गेला. महिना संपत आला होता. पिठोबा खाटेच्या कडेवर बसून राहिला. अक्का म्हणते, त्या दिवशी तो पहिल्यांदा तिला म्हातारा दिसला. तो म्हणाला, जाऊ दे, तिचा भाऊ तिला चांगलं सांभाळेल. निदान तिकडे चादरी तरी मऊ असतील.

अक्काला हे असलं बोलणं मुळीच आवडत नाही. तिने त्याला विचारलं, "गिरणीत वर धान्य भरलेलं असेल आणि खाली पीठ पडत नसेल, तर तू बाजारात जाऊन नवी गिरणी आणतोस का?"

तो म्हणाला, नाही, आधी वरचं तोंड बघतो, काही अडकलंय का. एवढं बोलला आणि उठला.

टाकी बुटकीशीच, आणि त्याची स्वतःचीच होती. राहायला आला तेव्हा त्याने ती विकत घेऊन गच्चीवर उंच लोखंडी घोडीवर बसवून घेतली होती. तिचं पाणी फक्त त्याच्या न्हाणीघरात उतरायचं, मालकाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. शिडीवर चढून त्याने झाकण काढलं, डावा हात पाण्यात घातला, खांद्यापर्यंत. तळाशी, जिथून पाणी पाइपात उतरतं तिथे, त्याच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत, फुगलेलं लागलं. त्याला वाटलं, बेडूक. मग बोटं थोडी पुढे गेली आणि गाठ लागली.

गिरणीत पीठ जिथून पडतं त्या तोंडाला कापडाची लांब बाही बांधलेली असते, म्हणजे पीठ उडत नाही. ती बांधायची पिठोबाची स्वतःची गाठ आहे. दोन वेढे, एक उलटा, आणि शेपूट आत खोचलेलं. रोज बांधायची, रोज सोडायची. त्याच्या हातांना ती झोपेतही येते. तीच गाठ त्याच्या बोटांना त्या गार पाण्याच्या तळाशी लागली. राहायला आल्यावर पाण्यातून रेती यायची म्हणून त्यानेच कधीतरी गिरणीतल्या बाहीचा तुकडा आणून टाकीच्या तोंडाला बांधला होता. हातांनी बांधला, डोक्याला पत्ताच नाही. त्या कापडावर इतक्या वर्षांचा गाळ आणि शेवाळ बसून आता त्यातून पाणी पाझरत होतं, एवढंच.

त्याने गाठ सोडली. खाली अक्का न्हाणीघरात चावी फिरवून उभी होती. ती म्हणते, आधी पाइपातून एक सुस्कारा आला, मग परातीतून पाणी असं कोसळलं की तिची साडी, पायपुसणं आणि पलीकडची भिंत एकदमच धुऊन निघाली. परात काढून पिठोबाने जुना छोटा शॉवर व्हिनेगरमध्ये भिजत घातला, भोकांत बसलेला क्षार सुईने काढला आणि पुन्हा लावला. मग तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आतून गाण्याचा आवाज येत होता. त्याचा आवाज चांगला नाही, पण पाण्याचा होता.

बाहेर आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडलेला. अक्काने विचारलं, आता काय झालं. तो म्हणाला, मालकाचे पाइप बाद आहेत असं मी तिला सांगून बसलोय. अक्काने व्यवहाराची गोष्ट सांगितली, की उद्यारावाने दुरुस्त केलं म्हणून सांग. तो कुठल्याही कामाचं श्रेय घ्यायला तयार असतो, आणि टाकीत हात घालून बघायला कोण जाणार आहे. पिठोबाने ते शेवाळलेलं कापड कागदात गुंडाळलं आणि जिना उतरला.

लाँड्रीत कडकबाई इस्त्री करत होती. तिने मान वर करून विचारलं, कपडे द्यायचेत की न्यायचेत. मग तिने नीट बघितलं.

"अरे," ती म्हणाली. "केस पांढरेच आहेत की तुमचे."

तो म्हणाला, पीठ गेलं, ते नाही गेले. तिने टेबलाला वळसा घालून येऊन त्याच्या कानामागे पाहिलं, अगदी कॉलरचा मळ बघतात तसं. पानवाल्याने इथे चुना लावणं थांबवलं. कानामागे काही नव्हतं. कडकबाईच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला पानवाला हसू म्हणत नाही, पण त्याच्या अलीकडचं काहीतरी म्हणतो. आता पिठोबाने फक्त विचारायचं बाकी होतं. बाकी सगळं जमून आलं होतं, आणि त्या माणसाने कागद उघडून ते हिरवं काळं कापड तिच्या स्वच्छ टेबलावर ठेवलं.

"ही गिरणीतली बाही," तो म्हणाला. "टाकीच्या तोंडाला मीच बांधली होती आणि विसरलो. मालकांचे पाइप चांगले आहेत. मी त्यांना कधी काही सांगितलंच नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं."

कडकबाईने इस्त्री उभी करून ठेवली. कापड दोन बोटांनी उचललं, उजेडात धरलं, वीण पाहिली, वास घेतला. तिला सवयच आहे ती. मग ती म्हणाली की तिच्या दारातून आजवर कुणाचा शर्ट परत गेला नव्हता. त्या बिचाऱ्याला तिने महिनाभर चुरगळलेल्या कपड्यांत फिरवलं, आणि रोज सकाळी त्याला तसं जाताना पाहून तिला बरं वाटत होतं. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर पिठोबाला सोपं गेलं असतं.

"आधी त्यांच्याकडे जा," ती म्हणाली. "जे मला सांगितलंत ते त्यांना सांगा. आणि शर्ट घेऊन या."

पिठोबा मालकाकडे गेला. मालकाने सगळं ऐकून घेतलं, त्याला चांगलं फैलावर घेतलं, भाडेकरूंच्या एकंदर जातीबद्दल दोन शब्द बोलला, आणि मधेच थांबून विचारलं, म्हणजे तिचा माझ्यावर राग नाही ना. नाही म्हटल्यावर तो आत गेला आणि शर्टांचा असा डोंगर घेऊन आला की त्यामागे तो दिसेना. पिठोबाने तो डोंगर आपल्या आखडलेल्या खांद्यावर घेतला. वाटेत त्याला वाटत होतं, हे एवढं पोचवलं की सगळं संपलं. तिच्या भावाची गाडी परवा येतेय.

कडकबाईने शर्ट घेतले. एकेकाची कॉलर उलटून पाहिली, त्रिकोणवाला वेगळा काढला. पिठोबा जायला वळला.

"पाइपचं मला कधी कळलं नसतं," ती शर्टांकडे बघतच म्हणाली. आणि मग, त्रिकोणवाल्याची घडी घालत, "घरी गेलात की अक्कांना एक विचारा. माझी मोठी इस्त्री तुमच्याकडे कुठे ठेवता येईल. जड आहे, टेबल भक्कम लागेल."

आता हे वाक्य पानवाल्याला कळलं, रस्त्यावरच्या माणसाला कळलं असतं, पण आमचा पिठोबा पायऱ्या चढला तो रडवेल्या तोंडाने. अक्काला म्हणाला, ती दुकान विकून चाललीय. इस्त्री जड आहे म्हणून आपल्याकडे ठेवून जातेय.

अक्का गहू निवडत होती. तिने सूप बाजूला केलं आणि या आपल्या भावाकडे, ज्याला तिने इतकी वर्षं खाऊपिऊ घातलं, नीट पाहिलं.

"चालली असती तर इस्त्री घेऊन गेली असती, गाढवा," ती म्हणाली. "जाणारं माणूस टेबल भक्कम आहे का विचारतं का? तिला सांग, खिडकीखाली ठेव. तिथे प्लग आहे आणि उजेडही चांगला येतो."

खिडकीखाली अक्काची खुर्ची होती. सगळी गल्ली तिथूनच दिसायची. तिच्याकडच्या निम्म्या बातम्या त्या खुर्चीत बसून आलेल्या. पिठोबाने खुर्चीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आणि मग एकदाचं त्याच्या डोक्यात सगळं उतरलं. कान लाल झाले, आणि ते आता दिसत होते. तो म्हणाला, पण अक्का, तू कुठे बसणार. अक्का गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि खुर्ची ओढायला लागली.

"मी तिच्या दुकानात बसेन," ती म्हणाली. "तिथून दोन रस्ते दिसतात."